हात वर करा

मध्यमरावांच्या खांद्यातून कळ गेली, तेव्हा ग्रंथपालांचं डोकं बरोबर निम्मं कापून झालं होतं. उजवी बाजू कानामागपर्यंत झकास उतरली होती आणि डावीकडे दोन महिन्यांचं रान जसंच्या तसं उभं होतं.

मध्यमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सत्तावीस वर्षं ते आपल्या एका खुर्चीच्या सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला "बारीक की मध्यम?" असं आस्थेनं विचारत आले होते, आणि उत्तर काहीही आलं तरी मध्यम कापत आले होते. त्यामुळे लोकांनी त्यांना हे नाव दिलं आणि त्यांनीही ते फारशी कुरकुर न करता स्वीकारलं.

कुरकुर करत होता तो उजवा खांदा. गेले पाच महिने. हात वर जाईना, तेव्हा मध्यमरावांनी खुर्ची थोडी खाली घेतली. अजून जाईना, तेव्हा आणखी खाली घेतली. खुर्ची तळाला टेकल्यावर ते गिऱ्हाइकाला "जरा घसरून बसा" म्हणू लागले. उंच माणसं हल्ली जवळजवळ आडवी होऊन केस कापून घेत आणि ही काहीतरी नवी पद्धत निघाली असावी असं समजत. बायकोला मात्र त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं की ती दवाखान्यात नेणार, दवाखान्यात नेलं की डॉक्टर कात्री बंद करणार, आणि कात्री बंद म्हणजे मध्यमराव बंद. हा हिशेब त्यांनी मनाशी पक्का करून टाकला होता.

त्या मंगळवारी दुपारी फळीवरचा पावडरचा डबा घसरला. ग्रंथपालांच्या टाळूवर तो आदळू नये म्हणून मध्यमरावांनी झटकन हात वर केला. डबा झेलला गेला. पण हात जो झटकन वर गेला होता तो तितक्याच झटकन खाली आला, बरगडीला चिकटला आणि तिथून हलेना. कात्री फरशीवर वाजली.

"काय झालं?" ग्रंथपालांनी डोळे उघडून विचारलं.

"काही नाही साहेब. जरा श्वास घेतो."

"श्वास घ्यायला कात्री कशाला टाकलीत?"

मध्यमरावांनी डाव्या हातानं डबा फळीवर परत ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आरशात दिसत होतं.

ग्रंथपाल हे मुळात शांत गृहस्थ. पण त्या दिवशी ते निवृत्त होणार होते. पाच वाजता वाचनालयात निरोपाचा समारंभ होता, त्यानंतर फोटो, आणि तो फोटो वरच्या मजल्यावरच्या भिंतीवर आधीच्या चार ग्रंथपालांच्या शेजारी कायमचा लागणार होता.

"त्या चौघांतल्या एकाला एकही केस नाही," ग्रंथपाल आरशात स्वतःकडे बघत म्हणाले. "पण जे काही नाही, ते निदान दोन्ही बाजूंना सारखंच गैरहजर आहे. असला प्रकार त्या भिंतीवर अद्याप झालेला नाही."

"डाव्या हातानं करून बघतो," मध्यमराव म्हणाले.

त्यांनी डाव्या हातानं करून बघितलं. एकदाच. ग्रंथपालांच्या डाव्या कानावर रुपयाएवढी खिडकी पडली.

"थांबा," ग्रंथपाल म्हणाले. "आता अजिबात काही करू नका."

मग ग्रंथपाल डोक्याला टॉवेल गुंडाळून पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या सलूनमध्ये गेले. त्या सलूनवाल्याचं आणि मध्यमरावांचं जुनं वाकडं होतं. त्यानं टॉवेल उचलून आत डोकावलं आणि पुन्हा तो नीट झाकून ठेवला.

"हे मध्यमचं काम दिसतंय."

"हो. तेवढं पूर्ण करून द्या."

"माफ करा साहेब. उष्टं डोकं मी घेत नाही."

ग्रंथपाल परत आले ते एक निश्चय करूनच. मध्यमराव अजून तसेच उभे होते, पंखाखाली पत्र दाबून धरलेल्या कबुतरासारखे.

"चला," ग्रंथपाल म्हणाले.

"कुठं?"

"सरकारी रुग्णालयात. तुमचा खांदा सुटल्याशिवाय माझं डोकं सुटत नाही. आत्ता अडीच वाजलेत. पाचला दोन्ही मोकळे पाहिजेत."

मध्यमरावांनी दवाखाना टाळण्याची पाच महिन्यांत तयार केलेली सगळी कारणं एकामागून एक सांगून पाहिली. पण टॉवेल गुंडाळलेल्या आणि निवृत्तीच्या दिवशी अर्ध्या डोक्यानं समोर उभ्या असलेल्या माणसापुढे कुठलंच कारण टिकेना. शेवटी त्यांनी सवयीनं कात्री-कंगवा खिशात टाकला आणि डाव्या हातानं दुकानाचं दार ओढलं.

रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"खांदा," ग्रंथपाल म्हणाले.

"कुणाचा?"

"यांचा."

"मग डोकं कुणाचं बांधलंय?"

"माझं."

"डोक्याला काय झालंय?"

"काही नाही."

"काही झालं नसताना डोकं बांधून सरकारी दवाखान्यात कोण येतं? काढा तो टॉवेल."

रांगेतल्या लोकांनी माना पुढे केल्या. ग्रंथपालांनी टॉवेल काढला. खिडकीतल्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "मामा! सापडले हो!"

झालं होतं असं, की त्या दिवशी सकाळी शस्त्रक्रियेच्या वॉर्डातून अकरा नंबरच्या खाटेवरचा पेशंट गायब झाला होता. डोक्याचं ऑपरेशन होतं, केस काढायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच तो "आलोच" म्हणून जो गेला तो आलाच नाही. वॉर्डातले मामा सकाळपासून निम्मं डोकं शोधत हिंडत होते. ते आता दोन दणकट हात घेऊन धावत आले.

"काय हो अकरा नंबर! कुठं होता? मोठे डॉक्टर आमची हजेरी घेतायत तिकडं!"

"अहो, मी ग्रंथपाल आहे!"

"असू द्या. गेल्या आठवड्यात एक जण न्यायाधीश होते. त्यांचंही ऑपरेशन छान झालं." मामांनी त्यांना ट्रॉलीवर आडवं घातलं आणि पट्टा आवळला.

ट्रॉली निघाली. तिच्यामागून मध्यमराव उजवा हात बरगडीशी धरून पळत निघाले. "अहो मामा, ते डोकं माझं आहे! मी कापलंय ते!" असं ते ओरडत होते, पण त्या वाक्यानं बाकावरची माणसं पाय वर घेऊन बसली, यापलीकडे काही साधलं नाही.

वळणावर हाडांचे डॉक्टर समोरून आले आणि एकदम थांबले. त्यांचं लक्ष केसांकडे नव्हतंच. ते ट्रॉली आणि ग्रंथपालांचं डोकं यांच्यामध्ये बघत होते. तिथं चार बोटं जागा होती. ग्रंथपाल उताणे झोपले होते, पण त्यांचं डोकं ट्रॉलीला टेकतच नव्हतं. बिनउशीचं ते अधांतरी उभं होतं.

"मान टेका," डॉक्टर म्हणाले.

"टेकलीच आहे," ग्रंथपाल म्हणाले.

डॉक्टरांनी कपाळावर तळवा ठेवून हलकेच दाबून पाहिलं. "ही मान अशी किती वर्षं आहे?"

"कशी?"

"काय काम करता?"

"अडतीस वर्षं खाली बघून पुस्तकांच्या नोंदी करतो. हे मघापासून मी सांगतोय, पण इथं कुणी ऐकून घ्यायला..."

तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर सांगत आली, की अकरा नंबर मागच्या फाटकापाशी चहा पिताना मिळाला. मामांनी पट्टा सोडला, ग्रंथपालांचे कपडे झटकले आणि "तुम्ही आधीच स्पष्ट सांगायचं होतं" म्हणून त्यांनाच बोल लावला. हाडांच्या डॉक्टरांनी मग मध्यमरावांचा हात धरून बाजूला, पुढे, मागे किती जातो ते पाहिलं. तो कुठंच गेला नाही, मध्यमराव मात्र दोनदा चवड्यांवर उभे राहिले. खांद्याचे एक्स-रे काढवून आणले, ते डोळ्यांसमोर धरून पाहिले.

"हाड शाबूत आहे. खांदा आखडलाय. दोघंही मागच्या इमारतीत जा, व्यायामाच्या विभागात. एकाचा खांदा, एकाची मान."

"माझ्या मानेचं उद्यापासून बघू," ग्रंथपाल म्हणाले. "आज फक्त खांदा."

"मान आपोआप बरी होईल म्हणून अडतीस वर्षं थांबलात ना? मग आज अर्धा तास जास्त थांबा," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

व्यायामाचा विभाग म्हणजे एक लांबलचक खोली होती. एका भिंतीला कप्पीवर दोऱ्या टांगलेल्या, कोपऱ्यात मोठाले रबरी चेंडू, आणि समोरच्या भिंतीवर खालून वर जाणारी कागदाची उभी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर एक ते तीस आकडे. मधोमध सात-आठ बायका खुर्च्यांवर बसून एकेक पाय सरळ उचलून धरत होत्या. समोर एक शिडशिडीत, चुणचुणीत मॅडम उभ्या राहून मोजत होत्या. "सात, आठ, पाय खाली नाही, नऊ..."

मध्यमरावांची नजर तिसऱ्या खुर्चीवर गेली आणि तिथंच थिजली. तिसऱ्या खुर्चीवर त्यांची बायको होती. तिचा उजवा पाय हवेत होता.

"तू?"

"तुम्ही?"

"दहा," मॅडम म्हणाल्या. "पाय खाली. बोला आता."

"तू तर दर मंगळवारी बहिणीकडं जातेस ना?"

"हो, जाते म्हणते. गुडघे गेलेत माझे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घरातलं सगळं काम अंगावर घेऊन बसला असता आणि तो खांदा पार मोडून घेतला असता."

"कुठला खांदा? खांद्याला काय झालंय? आजच जरा..."

"पाच महिने!" ती मॅडमकडे वळून म्हणाली. "शर्ट घालताना दार लावून घेतात. बाहेर कण्हल्याचं ऐकू येतं. मी विचारलं की म्हणतात, गाणं म्हणत होतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, या माणसाला मी कधी गाताना ऐकलेलं नाही!"

बाकीच्या गुडघेवाल्यांना हे फारच आवडलं. मॅडमनी सगळ्यांना पाय बदलायला लावले आणि मध्यमरावांना भिंतीवरच्या त्या पट्टीपाशी नेलं. बोटं भिंतीवर टेकवायची आणि कोळ्यासारखी एकेक आकडा वर चालवायची. दुखलं तरी थांबायचं नाही, पण झटकाही द्यायचा नाही. मध्यमराव घामाघूम होऊन नवापर्यंत पोचले.

"कात्री बंद का?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. पाच महिने गिळलेला प्रश्न होता तो.

"बंद कशाला? कोपर अंगाला धरून जेवढं होईल तेवढं करा. वर उचलायचं नाही. आणि इथं दर मंगळवारी यायचं. चार-पाच महिन्यांत हात वर जाईल."

"चार-पाच महिने!" ग्रंथपाल ओरडले. "मॅडम, माझ्याकडं एक तास दहा मिनिटं आहेत!"

मॅडमनी प्रथमच त्यांच्या डोक्याकडं नीट पाहिलं. चेहरा गंभीर ठेवायला त्यांना बराच त्रास झाला. मग त्यांनी अवतीभवती बघून एक बुटकं स्टूल काढलं.

"तुम्ही खाली बसा. तुम्ही मागं उभे राहा. कोपर बरगडीला, मध्ये ही टॉवेलची गुंडाळी. गुंडाळी पडली, तर काम बंद. कंगवा कोण धरणार?"

"मी धरते," मध्यमरावांची बायको उठली.

झाडणाऱ्या मावशींनी मात्र खोलीत एक केस पडू देणार नाही असं ठणकावलं. तेव्हा वरात शेजारच्या प्लास्टरच्या खोलीत गेली. तिथल्या माणसानं सांगितलं, "खुशाल कापा. इथल्या फरशीवर काय पडलंय ते आजवर कुणी बघितलेलं नाही." त्याच्या टेबलावर प्लास्टर कापायची विजेची चकती होती. ती बघून ग्रंथपालांनी डोळे गच्च मिटून घेतले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत.

"कंगवा तिरका धर," मध्यमराव बायकोला म्हणाले.

"धरलाय."

"अजून तिरका."

"माझे गुडघे अधू आहेत, डोळे नाहीत. दिसतंय मला. तुम्ही कापा."

ती केस उचलून धरी, ते कोपर न हलवता मनगटानं कापत, आणि दारातून दर दोन मिनिटांनी मॅडमचा आवाज येई, "कोपर!" एकदा गुंडाळी पडली. काम थांबलं. पुन्हा लावली. त्या दोघांनी इतका वेळ इतक्या जवळ उभं राहून एकच काम आजवर कधी केलं नव्हतं, हे मध्यमरावांच्या मध्येच लक्षात आलं. पण तसं बोलून दाखवायला ती वेळ नव्हती. डाव्या कानावरची खिडकी बुजवता येण्यासारखी नव्हती, म्हणून उजव्या कानावरही तेवढीच पाडली. साडेचारला ग्रंथपालांनी डोळे उघडले. मामांनी कुठून तरी आरसा आणून धरला.

"मध्यम," ग्रंथपाल समाधानानं म्हणाले.

फोटो व्यवस्थित आला. मॅडमनी जाताना बजावलं होतं तशी हनुवटी आत ओढून ते उभे राहिले होते, त्यामुळे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ग्रंथपाल इतके उंच आहेत हे त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी कळलं.

त्यानंतर मध्यमराव दर मंगळवारी दुकान बंद ठेवून बायकोबरोबर रुग्णालयात जाऊ लागले. आधी गुडघ्यांचा वर्ग, मग मानेचा, मग खांद्यांचा. ग्रंथपालांना आता दुसरं काही काम नव्हतं, म्हणून ते तिन्ही वर्गांना बसत. खांद्यांच्या वर्गात मध्यमराव धरून तेरा जण होते: छत रंगवून रंगवून खांदा गेलेला एक रंगारी, तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलेल्या गणिताच्या बाई, आणि असेच इतर, ज्यांचं पोट वर केलेल्या हातावर होतं. जिद्दीला सगळे एकापेक्षा एक. भिंतीवरचा आकडा गेल्या आठवड्यापेक्षा एकानं जरी वाढला तरी तो मोठ्यानं सांगायचा अशी रीत होती. मध्यमराव नवावरून अकरावर आले, चौदावर आले. एकदा तेरावर घसरले तेव्हा घरी जाईपर्यंत उजवा हात खिशातून काढला नाही. सातव्या मंगळवारी ते एकवीसवर होते.

आठव्या मंगळवारी मॅडमचा चेहरा उतरलेला होता. आरोग्य खात्याचे अधिकारी पाहणीला आले होते, सोबत एक फॉर्म घेतलेला साहाय्यक. खोलीची लांबी-रुंदी त्यांनी आल्याआल्या मापून घेतली होती, कारण तिथं जुने कागदपत्र ठेवायचं चाललं होतं.

"खांद्यांच्या वर्गाला प्रतिसाद नाही," अधिकारी म्हणाले.

"तेरा जण आहेत साहेब. रजिस्टर बघा," मॅडम म्हणाल्या.

"बघितलं. एकाही माणसाची सही मागच्या आठवड्याच्या सहीशी जुळत नाही. पहिल्या आठवड्यातल्या आणि आताच्या सह्यांत तर काहीच साम्य नाही. ही माणसं खरी कशावरून?"

"साहेब, आधी ते डाव्या हातानं करत होते. मग उजव्या हातानं करायला लागले. जसा हात सुधारतो, तशी सही सुधारते."

"ते मी फॉर्ममध्ये कुठं लिहू?" अधिकाऱ्यांनी विचारलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फॉर्म पुरा करून चारची गाडी गाठायची होती. "हे बघा, लोकांचं मत घेऊन टाकू. वर्ग बंद झाला तरी सोय आहेच. जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचं."

"तिथं जायला अडीच तास लागतात," रंगारी म्हणाला. "आणि बसमध्ये वरची दांडी धरावी लागते."

"या वर्गाच्या रजिस्टरात नाव असलेल्यांपैकी ज्यांना वर्ग चालू राहावा असं वाटतं, त्यांनी हात वर करा," अधिकारी म्हणाले.

तेरा जणांनी हात वर केले. म्हणजे त्यांनी मनापासून केले. रंगाऱ्याचा छातीपर्यंत आला. गणिताच्या बाईंचा कमरेच्या थोडा वर आला आणि तिथं थरथरत राहिला. बाकीचे काही शेकहँडला पुढं केल्यासारखे दिसत होते, काही पैज मारल्यासारखे.

साहाय्यकानं खोलीभर नजर फिरवली. "शून्य, साहेब."

"अहो, वर केलेत ना!" मध्यमराव म्हणाले.

"वर म्हणजे खांद्याच्या वर, आणि हात उजवाच. तशी सूचना आहे छापलेली."

"खांद्याच्या वर हात गेला असता तर आम्ही इथं कशाला आलो असतो?"

अधिकाऱ्यांना हा मुद्दा पटलेला दिसला. पण तो लिहायलाही फॉर्ममध्ये जागा नव्हती. साहाय्यकानं पेनाचं टोपण काढलं. मध्यमरावांनी त्या पेनाकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं. अजून नऊ आकडे बाकी होते. ते वळले, तरातरा भिंतीपाशी गेले आणि त्यांनी बोटं टेकवली.

"थांबा साहेब. लिहू नका. करतोय वर."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग रंगारी गेला. मग गणिताच्या बाई. बघता बघता तेराच्या तेरा जण अधिकाऱ्यांकडं पाठ करून भिंतीला ओळीनं उभे राहिले आणि तेरा हात बोटाबोटानं वर चढू लागले. खोलीत फक्त भिंतीवर नखं घासल्याचा आणि मधूनच एखाद्या "आई गं"चा आवाज होता.

"हे काय चाललंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मतदान," ग्रंथपाल म्हणाले. "जरा वेळ लागेल. बसून घ्या."

दारात गुडघ्यांचा वर्ग गोळा झाला. "अहो, कोपर सरळ!" मध्यमरावांची बायको ओरडली. "अठरा झाले! चला, पुढं!"

एकवीसला मध्यमराव थांबले. एकवीसच्या पुढं आजवर गेलेच नव्हते. खांद्यात कुणीतरी चिमटा फिरवत असल्यासारखं होत होतं. त्यांनी दात आवळले. बावीस. कपाळ भिंतीला टेकवलं. तेवीस. चोविसाला आत कुठंतरी काहीतरी सैल झालं, आणि पुढचे दोन आकडे बोटं जणू आपणहून चालली. मध्यमरावांनी मान वर करून पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्यांचा हात त्यांच्या डोक्याच्या वर होता. तो कुणा ओळखीच्या माणसासारखा तिथून त्यांच्याकडं बघत होता. मत कशावर चाललंय हेच ते काही क्षण विसरले.

"सव्वीस," ते बायकोला म्हणाले. एवढंच.

तिनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच शेजारणीला गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं.

"तेरा," साहाय्यकानं मोजून लिहिलं. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. चारची गाडी जवळ आली होती. साहाय्यकानं फॉर्मवरून नजर न काढता पुढचा प्रश्न वाचला, "आता ज्यांना वर्ग बंद करावा असं वाटतं, त्यांनी हात वर."

आता अडचण अशी होती, की चढलेला हात एकदम खाली सोडायचा नाही, असा मॅडमचा कडक नियम होता. जसा चढवला तसाच एकेक आकडा उतरवायचा. आणि उतरताना तर चढण्यापेक्षा जास्त दुखतं.

साहाय्यकानं मान वर केली. "तेरा, साहेब."

"अहो, ते हात मघाचेच आहेत!" मध्यमराव भिंतीशी बोलल्यासारखे ओरडले. "उतरतायत!"

"उतरतायत म्हणजे अजून वर आहेत," साहाय्यक म्हणाला आणि त्यानं लिहून टाकलं. अधिकाऱ्यांनी त्याच्या खांद्यावरून डोकावून दोन्ही आकडे पाहिले, पाठमोऱ्या तेरा माणसांकडं पाहिलं, पुन्हा आकड्यांकडं पाहिलं आणि सही केली. पुढच्या मिनिटाला दोघंही गाडीकडं पळाले. मध्यमराव तेव्हा एकोणिसावर होते.

पुढचे दोन मंगळवार वर्गात कुणी आकडा मोठ्यानं सांगितला नाही. तिसऱ्या मंगळवारी पत्र आलं. मॅडमनी पाकीट फोडलं, पण वाचायला ग्रंथपालांकडं दिलं, कारण असल्या भाषेची सवय त्यांनाच होती. तेरा जण आणि दारातले गुडघे श्वास रोखून उभे होते.

"'सदर वर्ग चालू ठेवण्याच्या बाजूने तेरा व विरोधात तेरा अशी समसमान मते नोंदवली गेल्याने,'" ग्रंथपालांनी हनुवटी आत घेऊन वाचलं, "'याबाबतचा निर्णय प्रलंबित ठेवण्यात येत आहे. निर्णय होईपर्यंत प्रचलित व्यवस्थेत कोणताही बदल करू नये.'"

रंगाऱ्यानं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"म्हणजे चालू की बंद?" शेवटी मध्यमरावांनी विचारलं.

"प्रलंबित." ग्रंथपालांनी पत्राची काळजीपूर्वक घडी घातली. "अडतीस वर्षं नोकरी केली मी. चांगली चालू असलेली कामं बंद पडलेली बघितली, मंजूर झालेली तर ढिगानं बंद पडलेली बघितली. पण एकदा प्रलंबित ठेवलेलं काम बंद पडलेलं मी एकही बघितलेलं नाही."

मॅडमनी ते पत्र त्यांच्या हातातून घेतलं, कपाटात अगदी तळाशी ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

"चला," त्या म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड करा."